ठेवलेली कथा

(गिरजाबाई, राहणार केनवड. घरापुढच्या ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं, तसं.)

माहं गाव कोनतं म्हनाल तर ते सांगाले जमत नाही ताई, काहून का मी जन्मली तेच बैलबंडीखाली. मंगरूळपिराकडं कोन्यातरी गावाच्या शिवेवर, पराटीचा कापूस येचाचे दिवस होते. माही माय सांगे, बंडीले लुगडं आडवं बांधलं आन तू झाली, आन दुसऱ्या दिवशी बंडी पुढं निंगाली. त्या गावाचं नाव तिनंबी इचारलं नाही. आमी कथेकरी. आज्याच्या हाती डफ, बापाच्या हाती डफ, लग्न झालं तर नवऱ्याच्या हातीबी डफच. पायाले भिंगरी बांधूनच आलो आमी. लोक म्हनतात, काय मजा होती बाई तुमची, गावोगाव फिरल्या, नवे नवे मानसं पाह्यले. मजा! काय सांगू तुमाले. ह्या टाचा पाहा, यायच्या भेगाईत मेन भरून भरून जलम गेला. फिरनाऱ्याले गाव दिसत नाही ताई, त्याले रस्ता दिसते, आन पानी कठी हाय, सरपन कठी हाय, एवढं दिसते.

लग्न झालं तवा मी लहान होती. सासू होती, नवरा होता, म्हनजे आमचे मालक, आन किसन म्हनून दीर होता, तो तुनतुनं वाजवे. मालक डफावर कथा सांगत आन सासू झील धरे. झील म्हनजे कसं, कथेकऱ्यानं एक ओळ म्हटली का मांगून जो सूर धरतात ना, ते. आमच्यातली रीत अशी का कथा मानसानं सांगाची आन झील बाईनं धराची. बाईनं कथेले हात लावाचा नाही आन मानसानं झीलीत तोंड घालाचं नाही. चुकली तरी बोलाचं नाही. झील सासूनं सुनेले द्याची. मी तवा बंडीपाशीच राहो, भाकरी थापो, बैलायले चारा टाको, आन दिवसा बंडीमांगं चालता चालता सासू मले एकेक झील देत जाये. हे म्हन, असं नाही, पोटातून म्हन, जवारी दळतानी जसा आवाज निंगते तसा काढ. लय कडक बाई. पन माया होती. एकच साल मिळालं मले तिचं. मंग पटकी आली आन पाह्यता पाह्यता ती गेली. तिनं जेवढी देली तेवढी मी घेतली, आन म्हटलं, असंन एवढीच. दुसऱ्या फेरीपासून तिच्या जागी मी उभी.

आता तुमी वाचनालयाचं इचारता तर ते सांगतो. आदी कथा देशमुखाच्या ओसरीवर होये, नाही तर खळ्यावर. मंग स्वराज्य आलं, ओसऱ्या आटल्या, आन गावोगाव वाचनालयं निंगाले. आपन तवा नागपुराकडच्या राज्यात होतो, मंग मुंबईच्या राज्यात गेलो म्हने, राज्य बदललं पन आमच्या बंडीचं चाक काही बदललं नाही, तेच कुरकुरे. वाशीमले एक वकीलसाहेब होते, गोरे, मोठे कान, वाचनालयाची त्यायले लय हौस. त्यायनं मालकाले बोलावलं आन म्हटलं, बुवा, कपाट आनलं, पुस्तकं आनले, पेपर आनला, आन लोकच येत नाहीत. तुमी अठी कथा सांगा. कथेपायी येतीन, मंग पुस्तकापायी राहतीन. मालक हासले. म्हने, साहेब, आमच्यापायी तर कोनी पानीबी देत नाही, पन सांगतो. आन त्या वकीलसाहेबायच्या शब्दावर आमाले गावोगावचे वाचनालयं मिळाले. शिरपूर, रिसोड, मालेगाव, हे केनवड, आन ल्हानसहान खेडे. दसरा झाला का निंगाचं, ऊन तापलं का वाशीमले परत याचं, पावसाळाभर तठी पडून राहाचं.

वाचनालय म्हनजे तुमाले वाटंन मोठं दालन. नाव सोनुबाई आन हाती कथलाचा वाळा! पाटी एवढी मोठी आन अंदर एक खोली, एक काचेचं कपाट, त्याले कुलूप, आन किल्ली ज्याच्यापाशी तो वावरात गेलेला. पेपर वाशीमच्या टेसनावर उतरे आन सायकलीवर येये, कधी कधी शिळा. पन गॅसबत्ती राहे, जाजम राहे, आन वर पत्रे, म्हनून आमाले ते बरं. भिंतीवर एक फळी राहे, मोठ्या अक्षरात काहीतरी लिहेल. सगळ्या गावाईत तीच फळी. मालक बरोब्बर तिच्याखाली डफ घेऊन बसत, म्हनत, ही कोन्यातरी देवाची ओळ असंन, हिच्याखाली बसलेलं बरं. शिरपूरच्या एका पोट्टीले मी एक डाव इचारलं, काय व, काय लिहेल हाय ते, तर ती हासू हासू लोटपोट झाली. म्हने, मावशी, तठी लिहेल हाय, शांतता राखा. तवापासून मालकानं डफ वाजवाच्या आदी त्या फळीले हात जोडले, म्हनत, माफ कर बाई.

बायका अंदर येत नसत. अंदर मानसं, आन बायका बाहेर, खिडकीखाली, ओट्यावर, लेकरं मांडीवर घेऊन. मी अंदर दाराजवळ उभी राहून झील धरो तर कमिटीचे लोक आदी इचारत, बाई हाय का संगं? तमाशा तर नोहे ना? मालक म्हनत, साहेब, तुमीच सांगा, हे तोंड तमाशातलं दिसते का? आन माह्याकडं बोट दाखवत. लोक हासत. मीबी हासो. आता हासू नाही येत, पन तवा येये.

आता आमचा धंदा कसा, ते ध्यानात घ्या, मंग पुढचं समजंन. आमी कथा कोन्याच गावात पुरी सांगत नसो. एका फेरीले गेल्या सालची अर्धी राह्यली ती पुरी कराची, आन नवी अर्धी सांगून तठी थांबवाची. ह्याले आमी कथा ठेवनं म्हनो. केनवडले ही ठेवली, शिरपूरले ती ठेवली. ठेवली का गाव पुढच्या साली आपसूक बोलावते. आन दुसऱ्या फेरीले जाऊन पुरी केली का कथा उचलली म्हनाचं. धंद्याचीच गोठ हाय, पन तिच्यात धर्मबी हाय. ज्यानं ठेवली त्यानंच उचलाची. ठेवलेली कथा मांगं सोडून कथेकरी मेला तर त्याचा गळा सुटत नाही म्हनत, जीव अडकून राह्यते. मले हे खरं खोटं काही ठाव नाही. पन मालकाले ते खरं होतं, आन ज्याले जे खरं त्याले त्याचीच भीती.

शेवट आला का माहं काम बदले. कथा निम्म्यावरून शेवटाकडं वळली का लोकायचं काळीज नरम होते, तवाच मांगाचं. शेवट झाल्यावर कोनी थांबत नाही, सगळे चपला शोधतात. म्हनून शेवट सुरू झाला का मी सूप घेऊन बाहेर जावो, खिडकीखालच्या बायाईत. कोनी पसाभर जवारी, कोनी तुरीची डाळ, कोनी मिरच्या, कोनी जुनं चिरगूट. बाया काही उगाच देत नाहीत, चार गोठी इचारतात, कठून आल्या व, लेकरं किती, कुकू काहून असं फिक्कं. लेकरं दोन झाले ताई, दोनी राह्यले नाहीत, एक बंडीत गेलं, एक मालेगावच्या धर्मशाळेत. हे त्या बायायले सांगत सांगत मी सूप फिरवो. आन अंदर मालक शेवट सांगत. म्हनजे पाहा, एवढी सालं त्यायच्या संगं फिरली, पन एकबी शेवट मी धड ऐकला नाही. कोनाले सांगतलं तर पटत नाही. कानावर डफ येये, शब्द नाही.

तर त्या साली दसऱ्यालेच मालक म्हने, गिरजे, आवंदा फक्त उचलाची फेरी. नवी ठेवाची नाही. मी म्हटलं, काहून? म्हने, उगंच. पन मले समजलं. उन्हाळ्यापासून त्यायच्या छातीत घरघर होती, अंगात बारीक ताप राहे, आन बोलता बोलता मानसायचे नावं इसरत. गावोगाव गेलो, कथा उचलली, गाव म्हने, बुवा, नवी ठेवा ना. मालक हात जोडत. मी बाजूनं पाहो तर त्यायच्या तोंडावर असा आराम दिसे, जसं डोक्यावरचं ओझं एकेक काडीनं कमी होऊन राह्यलं. आन मी मनात म्हनो, ओझं उतरवून हा मानूस चालला कठी? रस्ता तोच, धूळ तीच, बैल एक लंगडा झाला म्हनून आमी तिघं पायी आन फक्त डफ आन भांडे बंडीत. असं करता करता दोनच गावं राह्यले. एक हे केनवड आन याच्यापुढचं बोरखेडी.

केनवडले एका शेटजीची कथा ठेवली होती. त्याची मोठी सून रागावून माहेराले निंगाली तठी. आन बोरखेडीले राणी मोतनची. ती राणी कशी, सवतायनं कान भरले, राजानं भरल्या घरातून काढली, कडेवर लेकरू, रानोरान फिरते आन नदीपाशी येते, नदीले पूर. नावाडी म्हनते, बाई, नाव ल्हान हाय, एका खेपेले एकच जीव नेतो, तुले नेऊ का लेकराले? बस्स, तठी बोरखेडीले कथा ठेवलेली. राणीची झील मले लय आवडे. ने रे नावाड्या, पैल ने रे, माहं लेकरू निजलं रे. ती म्हनताना माहे दोनी लेकरं डोळ्यापुढं येत. तरी म्हनो. पोटासाठी मानूस काय नाही म्हनत.

केनवडले दिवे लागले, लोक जमले. मालकाले त्या दिवशी ताप चांगलाच होता. मी म्हटलं, उद्या सांगा. म्हने, नाही, आजच. डफ शेकला, फळीले हात जोडले, आन सुरू केलं. जरा वेळ मी दारात झील धरून उभी होती, मले वाटलं, हे काय, ही तर राणीची नदी. मी किसनभाऊजीकडं पाह्यलं, तो डोळे मिटून तार छेडून राह्यला, त्याले सुराशिवाय काही दिसतच नाही. टोकावं तर बाईनं कथेत बोलाचं नाही. मंग त्यायनं सूर बदलला, शेवट सुरू झाला, आन मी रोजच्यासारखी सूप घेऊन बाहेर गेली. शेवट झाला. मंग एक बुढा उठला आन म्हने, बुवा, गोठ लय गोड सांगतली, पन आमची शेटजीची सून माहेराले पोचली का नाही? ही राणी कठून आली बापा?

मालकाच्या हातातून डफ खाली पडला. असं कधी झालं नव्हतं. चाळीसीच्या पुढचा मानूस, पन भर लोकाईत लेकरावानी रडला. केनवडचे लोक चांगले, म्हने, बुवा, ताप हाय तुमाले, जेवा, निजा, सून कठी पळून चालली, उद्या पाहू. दुसऱ्या दिवशी बाजार उठल्यावर त्यायनं शेटजीची सून माहेरावरून परत आनली, कथा उचलली, गाव खूश झालं. पन मालक नाही.

मी म्हटलं, आता एकच गाव राह्यलं, बोरखेडी काही लांब नाही, चला, उद्याच उचलून टाकू. म्हने, नाही जमत. शेवट सांडला. आमच्यात असं का एका गावाचा शेवट दुसऱ्याच गावात तोंडातून गेला तर तो सांडला म्हनतात. सांडलेला शेवट डफ पूजल्याबगर पुन्हा तोंडात घेत नाहीत, आन डफ पूजतात ते दसऱ्यालेच. मले असा राग आला ताई. मी म्हटलं, तुमचं अंग पाहा, छाती पाहा, दसरा कोनं पाह्यला? तुमची रीत मोठी का जीव मोठा? तर म्हने, रीत मोडून सांगतली तर ती उचलली कशी म्हनू? बंडी वळवली. बोरखेडीचा फाटा आला, मी त्या बाजूले पाह्यलंबी नाही, मले भांडाचं होतं आन भांडाले ताकद नव्हती. वाशीम येईस्तोवर दोघं एका शब्दानं बोललो नाही.

पावसाळाभर वाशीमच्या त्या खोलीत मी त्यायच्या छातीले शेक देत बसली. टेसनावरून गाडीची शिटी आली का ते इचारत, दसरा आला का व? मी म्हनो, येते. भादव्यात गेले. जाताना काही बोलले नाहीत, गळ्यात नुसती घरघर, आन डोळे माह्याकडं. लोक म्हने, पानी पाजा, नाव घ्या. मले माहीत होतं त्यायच्या गळ्यात काय अडकलं. मी कानापाशी जाऊन म्हटलं, बोरखेडीचं मी पाह्यतो, तुमी जा. खरं सांगू? मले काही येत नव्हतं आन मी कबूल करून बसली. पन त्याच्यावर गेले ते. बरं झालं का वाईट, माहीत नाही, गेले.

तेरवी झाली आन किसनभाऊजीले मी म्हटलं, भाऊजी, डफ घ्या, बोरखेडीले जाऊ. तो तवा जिनिंगमंदी लागून गेला होता, अंगावर सगळा कापूस. म्हने, वैनी, मी आता नाही फिरत, मले एका जागी झोपाचं हाय. मी त्याले नाव नाही ठेवत, मलेबी तेच पायजे होतं. मी म्हटलं, बरं, निदान शेवट तरी सांग राणीचा. तर डोकं खाजवते. म्हने, वैनी, नाव जाते, मंग नाव येते, असं काहीतरी, मी तार पाहो, शब्द कोन ऐकते? एवढे सालं बाजूले बसून वाजवलं आन त्याले ठाव नाही! मले हासावं का रडावं समजंना. भावाचा शेवट त्याच्यापाशी नाही, बायकोपाशी नाही. मंग माह्या डोक्यात आलं. शेवट सांडला तो कठी सांडला? केनवडले. तर तो केनवडच्याच बायाईपाशी असंन.

दसऱ्याले मी एकटीनं डफ पूजला. दिवाळी झाली, आन डफ काखोटीले मारून एकटी निंगाली. बैल किसनभाऊजीनं इकले होते. एकट्या बाईले रस्ता किती लांब होते ते चालल्याशिवाय समजत नाही. केनवडले आली तवा बाया पराटी येचून वावरातून घरी येऊन राह्यल्या होत्या. चंद्रभागाबाई म्हनून एक होती, खिडकीखाली तीच नेहमी पुढं बसे. तिच्या दारात बसली आन म्हटलं, माय, माहा मानूस गेला. त्यायनं तुमच्या अठी राणीचा शेवट सांगतला, तो मले सांगा. ती म्हने, काय व गिरजाबाई, तुह्या घरची गोठ तू आमाले इचारतं?

मंग तिनं सांगतलं. ओंजळीत पानी धरून आनावं तसं जपून सांगतलं, मधात चुकली तर शेजारनीले हाक मारे, पुन्हा मांगून सुरू करे. राणी म्हने, लेकराले ने. नावाडी म्हने, लेकरू निजलं हाय तोवर ठीक, जागलं, हाललं तर नाव उलटंन. राणी म्हने, मी अलीकडून गात राह्यतो, माहा आवाज कानात असला का ते जागत नाही. नाव सुटली. राणी गाते. पुराचा आवाज मोठा, राणी त्याच्यावर आवाज काढते. नाव पार लागली, लेकरू निजलेलंच. नावाडी परत आला तर राणीचा आवाज कायमचा गेलेला. तिनं नुसतं हातानं इचारलं, निजलं हाय ना? तो म्हने, निजलं हाय. बस्स. एवढाच शेवट.

आन मंग चंद्रभागाबाई म्हने, पन एक सांगू का गिरजाबाई, तुहे मालक त्या टायमाले तठी थांबले. राणी गाते म्हटलं आन खिडकीकडं पाह्यत थांबले. मी म्हटलं, दम घेत असतीन, ते दर डाव तठी थांबत, डफ थांबलेला मले बाहेर समजे. ती म्हने, नाही व, दम नोहे. त्या दिवशी त्यायनं हाक मारली. झील दे व, असं म्हटलं. आमी सगळ्यायनं ऐकलं. तू पल्याड होती, कोनाशी तरी मिरच्यावरून बोलून राह्यली होती.

ताई, तवा मले समजलं. ती राणीची झील बाहेरूनच द्याची होती. खिडकीखालून, अल्याडच्या काठावरून. सासू सूप घेऊन बाहेर जाये ते त्याच्यासाठीच जाये, जवारी तर वरची. आन ते मले द्याचं राह्यलं आन ती मरून गेली. मालकाले माहीत होतं. ही राणी ज्या ज्या गावात उचलली, दर डाव ते तठी थांबले, खिडकीकडं पाह्यलं, आन मी जवारी मापत बसली. पन झील सासूनं द्याची, नवऱ्यानं बोलाचं नाही. नाही बोलले. ताप डोक्यात गेला तवा कठी तोंडातून निंगालं. मी चंद्रभागाबाईच्या दारात बसून रडली, दुःखानं नाही, रागानं. म्हटलं, एक डाव सांगाचं होतं ना मानसा. बंडीमांगं एवढे कोस चाललो, काय बोललो आपन? बैलायचं बोललो, सरपनाचं बोललो. हे नाही बोललो.

दुसऱ्या दिवशी बोरखेडीले गेली. चंद्रभागाबाई संगं आली, म्हने, एकटी कशी जाशील. तठचं वाचनालय म्हनजे मारुतीच्या देवळाले लागून एक खोली, आन एक मास्तर ते चालवत. मी म्हटलं, गुरुजी, बुवा गेले, ठेवलेली उचलाले मी आली. मास्तर म्हने, बाई, बसा. पन गावातले एकदोघं म्हने, बाई अंदर बसून कथा सांगंन? तवा एक म्हातारी खिडकीतून वरडली, दोन सालापासून ती राणी नदीवर उभी हाय, तुमी तिले पार जाऊ देता का नाही? मंग त्यायनं सरकून वाट देली.

दुपार कलली होती. मी त्या फळीखाली बसली. डफ पुढं ठेवला, वाजवता येत नव्हता, नुसता हात ठेवला त्याच्यावर. कशी सांगतली मले आठवत नाही, मधात दोनदा अडखळली, मालकासारखं तर काहीच झालं नाही. पन नाव सुटली, आन मी म्हटलं, राणी गाते, आन उठली. लोकायले वाटलं, बाई चालली. मी जाजमावरून, मानसाईमधून, दारातून बाहेर आली, आन खिडकीखाली बायाईत उभी राहून अंदर तोंड करून झील देली. ने रे नावाड्या, पैल ने रे. अंदर फळीखाली कोनी नव्हतं, नुसता डफ. मी त्या रिकाम्या जागेकडं पाहून म्हटलं. जेवढी देली नव्हती तेवढी सगळी त्या एका डावाले देली. आदी त्या म्हातारीनं सूर धरला, मंग एकीनं, मंग सगळ्यायनं. मानसं अंदर मान खाली घालून बसलेले. मंग मी अंदर गेली आन शेवटची ओळ सांगाले तोंड उघडलं तर आवाजच निंगंना. हातानंच इचारलं, निजलं हाय ना? तर पुढं बसलेला एक मानूस हळूच म्हने, निजलं हाय.

तशी उचलली गेली बोरखेडीची.

निंगताना मास्तर म्हने, बाई, आता तुमची एखादी ठेवून जा, पुढच्या साली या. सगळं गाव म्हने, ठेवा, ठेवा. खरं तर रीतच हाय, उचलली का नवी ठेवाची. पन ताई, मी थकली होती. पाय थकले, गळा थकला, आन कोनी आपली वाट पाह्यन, आन आपल्याले त्या वाटेनं जावं लागंन, याचाच कंटाळा आला होता. मी म्हटलं, नाही बापा, माह्याजवळ काही नाही ठेवाले. आन डफ मारुतीच्या देवळात देऊन आली.

चंद्रभागाबाई म्हने, आता वाशीमले जाऊन कोन हाय तुहं? आमच्या गोठ्याशेजारची खोली रिकामी हाय. तशी मी केनवडले राह्यली ते राह्यलीच. पराटी येचली, निंदन केलं, लोकायच्या वावरात उन्हात वाकली, पन सांजले त्याच दारात परत. चंद्रभागाबाईबी गेली आता. तिचे लेकरं नातू मले बुढी म्हनतात, भाकर आनून देतात, आन काय पायजे. वाचनालय अजून हाय, पक्कं झालं, पोट्टे जातात. मले आतमंदी काय कराचं, मले वाचता येत नाही.

पन एक गोठ हाय, ती मनात राह्यली. बोरखेडीचे लोक अजून बाजाराले येतात. ती म्हातारी कवाच गेली, तिची सून येते, तीबी आता म्हातारी झाली. मले पाह्यलं का ओट्याशी थांबते आन म्हनते, मावशी, आमच्याकडं कवा येता? मी म्हनतो, काहून येऊ बापा, तुमचं काही ठेवलेलं राह्यलं नाही माह्यापाशी, सगळं उचललं. तर मांगल्या बाजाराले ती म्हने, मावशी, काही ठेवलेलं नाही म्हनून काय येऊच नाही का?

जलमभर आमी कारनाशिवाय कोन्या गावात पाय टाकला नाही, कारन ठेवल्याबगर कोन्या गावातून निंगालो नाही, म्हटलं, त्याच्याबगर कोन बोलावते आपल्याले. आन ही बाई, डोक्यावर मिठा-तेलाचं गाठोडं, अशीच उभी, बोलावून राह्यली. जाईन म्हटलं एखाद्या दिवशी, कोनाची बंडी जाऊन राह्यली तर. पायी आता होत नाही. तुमीबी येत जा ताई. काही लिहाचं नसलं तरी या.